आईला झोपायला जागा कुठे आहे ते आधी पाहा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. काटोल तालुक्यातल्या एका वडिलांची मुलगी नऊ महिन्यांची आहे. तिच्या हृदयाला छिद्र आहे, ते मोठं आहे आणि ऑपरेशन करावं लागेल, असं नागपूरच्या एका खाजगी दवाखान्यात सांगितलं. खर्च साडेतीन लाख. घरी तीन एकर कोरडवाहू आणि केशरी रेशनकार्ड. कुणी म्हणतं ट्रस्टच्या दवाखान्यात न्या, फुकट होते. सासरे म्हणतात, फुकटाच्या नादात लेकराचा जीव घालवायचा नाही, वावर गहाण टाकू. तर हे धर्मादाय दवाखाने चालतात कसे, तिथे खरंच पैसे लागत नाहीत का, शिकाऊ डॉक्टर हात साफ करून घेतात हे खरं का, आणि त्यातला चांगला कोणता हे आपल्यासारख्यानं ओळखायचं कसं?

भाऊ, आधी वावराचं बोलते. ते आत्ताच गहाण टाकू नका. खाली लिहिते त्या दारांवर जाऊन या, मग ठरवा. पण स्वस्थही बसू नका.

मी डॉक्टर नाही. नागपुरात लहान मुलांच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात २३ वर्षं वैद्यकीय समाजसेविका आहे. माझं टेबल बिलाच्या खिडकीला लागून, त्यामुळे माझ्यासमोर येऊन बसणारी माणसं बहुतेक त्या खिडकीवरून परत फिरलेली असतात. औषधपाण्याचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. मात्र छिद्र असलेली लेकरं इतकी पाहिली की एवढं मला सांगता येतं: लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात, नुसतं लक्ष ठेवावं लागतं. मोठ्याचं तसं नसतं. मोठ्या छिद्रातून रक्त जोरानं फुफ्फुसात जातं. बाळ दूध पिताना दमतं, कपाळावर घाम येतो, दोन घोट घेऊन सोडून देतं, वजन हलत नाही, घडीघडी छाती भरते. असं छिद्र साधारण पहिल्या वर्षातच बंद करून घेतात. उशीर झाला तर फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड होत जातात, आणि एका टप्प्यानंतर सर्जनच हात जोडतात की आता बुजवण्यात जास्त धोका आहे. आठ-दहा वर्षांची, ओठ-नखं निळी पडलेली अशी मुलं घेऊन बाप येतात आणि म्हणतात, "तेव्हा पैसे नव्हते जी, आता आणले." त्या वेळी काय बोलावं ते मला अजून जमलेलं नाही.

म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. छिद्र केवढं आणि कुठल्या जागी आहे? फुफ्फुसातलं प्रेशर किती वाढलंय? उत्तर कागदावर लिहून मागा. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टच्या चार झेरॉक्स काढून ठेवा, मूळ प्रत कुणालाही देऊ नका.

आता फुकटाचं. नागपुरात हा एकच शब्द आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना लावतो आणि मग गोंधळतो.

मेडिकल, मेयो, डागा आणि मिहानमधलं एम्स हे सगळे सरकारी दवाखाने. त्यांचा ट्रस्टशी संबंध नाही. तुमच्या सासऱ्यांच्या मनात बहुधा मेडिकलची गर्दी आहे, एका खाटेवर दोन लेकरं, कॉरिडॉरमध्ये सतरंज्या. ती गर्दी खरी आहे. पण अख्ख्या विदर्भातून, शिवाय छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, बैतूलहून सगळे तिथेच येतात म्हणून ती आहे. अत्यवस्थ मूल रात्री दोनला कुठे न्यावं असं मला कुणी विचारलं, तर माझं पहिलं बोट आजही तिकडेच जातं.

दुसरे म्हणजे नोंदणीकृत ट्रस्टचे दवाखाने. हे नावाला धर्मादाय असतात, पण सगळ्यांना फुकट नसतात. इथेच लोक फसतात. मोठी काचेची इमारत, खाली कॉफीचं दुकान, तरी दवाखाना ट्रस्टचा असू शकतो. जमिनीत, करात सवलती घेतल्या की कायद्यानं काही देणं लागतं. महाराष्ट्राच्या विश्वस्त व्यवस्था कायद्यातल्या ४१ कक या कलमाखाली मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली योजना घालून दिली: अशा दवाखान्यानं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी राखायच्या, त्यांच्यावर पूर्ण मोफत उपचार करायचे, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी, त्यांना बिलात सवलत. पैसा आणायचा कुठून, तर बाकीच्या रुग्णांच्या बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची. त्याला निर्धन रुग्ण निधी म्हणतात, आम्ही आपसात नुसतं 'आयपीएफ' म्हणतो. उत्पन्नाची मर्यादा मधूनमधून वाढते. अलीकडच्या वाढीनंतर निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार आहे. तीन एकर कोरडवाहूवाला बहुतेक वेळा यात बसतोच. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला नि रेशनकार्ड, एवढ्यावर काम होतं.

यातलं एक कलम पाठच करा. तातडीचा रुग्ण दारात आला तर आधी दाखल करून त्याला स्थिर करायचं, अनामत रक्कम मागायची नाही. कागद मागाहून.

कागदावर हे इतकं सोपं आहे. प्रत्यक्षात खिडकीवरचा पोरगा म्हणतो, "धर्मादायचे बेड फुल आहेत." माझ्या सख्ख्या मावसबहिणीला एका मोठ्या दवाखान्यात हेच उत्तर तीन दिवस मिळालं. चौथ्या दिवशी ती हातात वही घेऊन गेली आणि म्हणाली, "बरं, आज किती खाटा भरल्या तो आकडा आणि तुमचं नाव सांगा, मी लिहून घेते." खाट दुपारी निघाली. भांडू नका, लिहून घ्या. तरी नाही निघाली तर दवाखान्याच्या समाजसेवा विभागात जा, तिथून नागपूरच्या सहधर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. ही सोय बऱ्याच जणांना ठाऊकच नसते, आणि ज्यांनी ती दर्शनी भागात पाटीवर लिहायची ते ती झाडाच्या कुंडीमागे लावतात.

तिसरे खरे फुकटवाले. तिथे बिलाची खिडकीच नसते. तुमच्या मुलीच्या दुखण्यासाठी जवळचं नाव म्हणजे नवा रायपूरचं श्री सत्य साई संजीवनी. २०१२ पासून ते चालू आहे आणि जन्मजात हृदयरोगाची ऑपरेशनं तिथे पैसे न घेता होतात. गोंदियावरून पुढे रेल्वेनं गेलं की रायपूर, आपल्याकडची कितीतरी लेकरं तिथून छातीवर उभी शिवण घेऊन हसत परत आलेली आहेत. नंबर मात्र लागावा लागतो.

या तिन्हींच्या आडवी जाणारी चौथी गोष्ट म्हणजे योजना. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता रेशनकार्ड असलेल्या सगळ्याच कुटुंबांना लागू आहे, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. तुम्हाला साडेतीन लाख सांगणाऱ्या दवाखान्यातच कदाचित योजनेचं टेबल असेल, तिथे आरोग्यमित्र बसतो. त्याला विचारल्याशिवाय बाहेर पडायचं नव्हतं. आणि मूल म्हटलं की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. अंगणवाडीत आणि शाळेत डॉक्टरांची गाडी येते ना, तीच. २०१३ साली सुरू झाला, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि हृदयाचं ऑपरेशन त्यातून मोफत करून देतात. तुमच्या अंगणवाडी ताईंना उद्याच सांगा. त्या तालुक्याच्या पथकाला फोन लावतील. खरं म्हणजे हे दार सर्वात जवळचं आणि सर्वात कमी ठोठावलं जाणारं.

शिकाऊ डॉक्टरांबद्दल. हो, असतात. मोठ्या ट्रस्टच्या दवाखान्यात बालरोगाचं शिक्षण घेणारे डॉक्टर रात्रपाळीला असतात, आणि रात्री तीनला लेकराची शीर सापडत नसेल तर मी तरी त्यांचाच हात पसंत करीन, कारण दिवसात पन्नासदा तेच करतात. ऑपरेशन त्यांच्या हातात नसतं. छिद्र बुजवायचं तर एकच पाहा: असं ऑपरेशन इतक्या लहान बाळावर तिथे नेहमी होतं का? मोठ्यांची बायपास रोज करणारा दवाखाना नऊ महिन्यांच्या बाळासाठी चांगला असेलच असं नाही. भूल देणारा वेगळा लागतो, ऑपरेशननंतरच्या अतिदक्षतेतल्या सिस्टर वेगळ्या लागतात. आपल्याकडे सर्जनचं नाव विचारतात, त्या सिस्टरांचं कुणी विचारत नाही.

आणि आमची दुबळी बाजू तिथेच आहे. दान देणारे भले लोक आहेत या शहरात. १९२१ साली कमलाताई होस्पेटांनी मातृ सेवा संघ काढला तेव्हापासून बाळंतिणी आणि लेकरांसाठी हात सैल सोडायची नागपूरला सवय आहे. जुन्या नागपुरात जन्म कुठला विचारलं तर किती जण तेच नाव सांगतील. पण दान यंत्राला मिळतं. व्हेंटिलेटरवर आजोबांच्या स्मरणार्थ पाटी लावता येते, सिस्टरच्या पगारावर कशी लावणार? त्यामुळे यंत्र असतं आणि ते चालवणारी पोरगी दोन वर्षांत तयार होऊन जास्त पगारावर दुसरीकडे जाते. परत नवी, परत शिकवा. ट्रस्टच्या दवाखान्यात रांग असते, तारीख पुढे जाते, लिफ्ट बंद असते. हे सगळं मान्य करूनच मी पुढचं सांगते.

२३ वर्षांत मी एक वही ठेवली आहे. 'डामा' घेऊन गेलेल्यांची. म्हणजे डॉक्टर नको म्हणत असताना सही करून मूल घरी नेणाऱ्यांची. प्रत्येक सहीच्या आधी मी त्यांच्यापाशी बसते आणि कारण विचारते. तुम्हाला वाटेल बिल. आमच्याकडे त्यातल्या बहुतेकांचं बिल शून्यच असतं. कारणं अशी असतात: कापूस वेचायला आला. घरी मोठी पोरगी एकटी आहे, शेजारीण किती दिवस पाहील. शेळी व्यायला झाली. मालकानं कामावरून काढलं. सासू म्हणते सलाईननं पोट्टं वाळून राहिलं. आणि एक, जे कधीच पहिल्यांदा सांगत नाहीत, चौथ्यांदा विचारलं की पदराच्या टोकाशी खेळत सांगतात: "बसून बसून पाय सुजले बाई. रात्री कुठं पडावं तेच समजत नाही."

फुकट दवाखान्यातही खर्च होतो, तो असा होतो. एस.टी., चहा, बाहेरचं जेवण, बुडालेली मजुरी, गावी राहिलेलं दुसरं लेकरू. ऑपरेशनला योजनेचे पैसे येतात, याला फारसे येत नाहीत. म्हणून चांगला दवाखाना ओळखायचं माझं माप एकच आहे आणि ते तुम्हालाही वापरता येईल, त्याला इंग्रजी लागत नाही. जाऊन पाहा, आई रात्री कुठे झोपते.

मी लागले तेव्हा आमच्याकडे आईला वॉर्डात दुपारी चार ते सहा एवढंच सोडत. बाकी वेळ जिन्यात. स्वच्छतेसाठी, असं सांगत. मग एका डॉक्टरबाईंनी हट्ट धरला आणि प्रत्येक खाटेशेजारी एक बाक आला, भिंतीतून खाली पाडायचा, दोन फूट रुंद. त्या बाकांनी काय केलं ते एका उदाहरणावरून सांगते.

गडचिरोली जिल्ह्यातून, कुरखेड्याच्या पलीकडून, एक आई आली होती. मुलगा तीन वर्षांचा, सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्या पूर्व विदर्भात हा आजार किती आहे ते तुम्हाला माहीतच असेल. आदिवासी आणि दलित वस्त्यांत घरोघर एखादं नाव निघतं. या मुलांची पाणथरी (प्लीहा) कधीकधी अचानक फुगते, अंगातलं रक्त तिच्यात अडकून बसतं आणि मूल काही तासांत पांढरं पडतं. त्या वेळी रक्त मिळालं तर वाचतं. त्या आईला शाळा माहीत नव्हती. गोंडी आणि मोडकी मराठी. पण ती आठ रात्री त्या बाकावर होती, आणि आमच्या एक वयस्क सिस्टर रात्री साडेदहाला, वॉर्ड शांत झाला की तिचा हात धरून पोराच्या डाव्या बरगडीखाली ठेवायच्या. "दाब. हलकं. लागली का काही कड? ही पाणथरी. आज एक बोट आहे." दुसऱ्या रात्री परत. तिसऱ्या रात्री तिनंच सांगितलं, आज तेवढीच आहे. सुट्टी होताना तिला एक सुतळीचा तुकडा दिला, बरगडीपासून कडेपर्यंतच्या मापाचा. रोज सकाळी मोजायचं. सुतळी कमी पडली, पोर सुस्त झालं, ओठ पांढरे झाले, की गाडी मिळेल ती पकडून रक्तपेढीचा दवाखाना गाठायचा. ताप आला तरी थांबायचं नाही.

पाच महिन्यांनी पावसाळ्यात तिच्या दिराचा मला फोन. "वहिनी म्हणते सुतळी पुरत नाही." ते तेव्हा आधीच गाडीत होते. मुलगा आता शाळेत जातो, सिकलसेलवरची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज घेतो, आणि वर्षातून चारदा तपासायला आणतात. चार ते सहाची भेट असती तर हे तिला कोण शिकवणार होतं?

बाकानंतर जेवण. अंगावर पाजणाऱ्या आईला दवाखान्यातून ताट मिळावं असं ठरलं: दोन पोळ्या, वरण-भात, भाजी. आठवडाभर बरं चाललं. मग मावशींनी येऊन सांगितलं की खाट नंबर बाराची बाई पोळ्या पदरात बांधून खाली नेते. मी खाली गेले. नवरा गेटबाहेर, पिंपळाच्या पारावर. तो चौथ्या दिवसापासून मुरमुऱ्यांवर होता. बाई नुसतं वरण पिऊन दूध पाजत होती, आणि आम्ही वर चार्टवर लिहीत होतो की बाळाचं वजन का वाढत नाही. दुसऱ्या दिवशीपासून जेवणाची कुपनं दोन झाली. त्यावर विश्वस्तांच्या बैठकीत दीड तास चर्चा झाली, व्हेंटिलेटरवर वीस मिनिटं झाली होती.

बापाचंही काम असतं, बरं का. कमी दिवसांचं, कमी वजनाचं बाळ असलं की त्याला उघड्या छातीशी धरून ठेवायचं. कांगारू मदर केअर म्हणतात, कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या कमी पडल्या म्हणून तिथल्या डॉक्टरांनी सुरू केलं आणि आता जगभर ते उत्तम उपचारांत मोजलं जातं. आईच्या सिझरच्या टाक्यांमुळे तिला बसवत नसेल तर बाप. मे महिना, बाहेर ४५ अंश, आणि एक मौद्याकडचा गडी शर्ट काढून चौदाशे ग्रॅमचं पोरगं छातीवर बांधून बसलेला. नर्सरीत, म्हणजे नवजात बाळांच्या खोलीत, कूलर लावत नाहीत. घामानं निथळत होता. त्याची आई दारातून म्हणाली, "बाप्या माणसानं काय लेकरू बांधून बसावं!" तो म्हणाला, "आई, तू पंखा घे अन् गप बस. हे श्वास घेऊन राहिलं, मले छातीशी समजते." मग वॉर्डातल्या बाकीच्या बापांना सांगायची आम्हाला गरज उरली नाही.

आता आमची एक चूकही सांगते, कारण ती तुमच्या मुलीच्या कामाची आहे. हृदयाला छिद्र असलेल्या बाळाला ऑपरेशनपर्यंत पाणी उतरवणारं औषध देतात, थेंबांच्या हिशेबात. एका शनिवारी आम्ही अशा बाळाला सुट्टी दिली. कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं, तोंडी घाईत सांगितलं. आईनं मिलीऐवजी चमचा धरला. सोमवारी बाळ डोळे खोल गेलेलं, सुस्त, परत आलं. वाचलं. तेव्हापासून आमच्याकडे सिस्टर सिरिंजवर लाल नेलपॉलिशनं रेघ मारून देतात, आईकडून एकदा भरून घेतात, आणि तिसऱ्या दिवशी मी फोन करते. तुम्ही कुठेही गेलात तरी हे मागून घ्या. रेघ मारून द्या म्हणा. हसतील तर हसू द्या.

त्यालाच जोडून: मुलीला सर्दी-खोकला झाला तर दुकानातून खोकल्याचं औषध आणू नका, शेजारच्या पोराचं उरलेलं तर नकोच. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात परासियाकडची लेकरं किडनी बंद पडून नागपुरात आली ते तुम्ही वाचलं असेल. खोकल्याच्या बाटलीत विषारी द्रव्य निघालं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सूचना काढली की दोन वर्षांखालच्या मुलांना असली औषधं देऊच नयेत आणि पाचपर्यंतही शक्यतो टाळावीत. छिद्र असलेल्या बाळाचा खोकला नुसता खोकला नसूही शकतो. दूध पूर्ण सोडलं, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, ओठ निळसर झाले तर तारखेची वाट न पाहता जे जवळ असेल तिथे न्या, मग काटोलचं सरकारी रुग्णालय का असेना. १०८ ला फोन करा.

लसी थांबवू नका. 'आधी ऑपरेशन होऊ द्या, मग टोचू' असं घरात कुणी म्हणेल. छिद्र आहे म्हणूनच त्या वेळेवर हव्यात, न्यूमोनियाची तर हवीच, आणि ती सरकारी केंद्रात मोफत मिळते. वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर करा. एकदम पोटभर पाजण्यापेक्षा थोडं थोडं, पण जास्त वेळा पाजा.

तर दवाखाना पाहायला जाल तेव्हा बायकोला सोबत न्या आणि तिच्या डोळ्यांनी पाहा. पहिला माणूस तुमच्याशी बोलला तो मुलीबद्दल बोलला की कार्डाबद्दल? अतिदक्षता विभागाबाहेर आया कशा बसल्यात, जमिनीवर की बाकावर? दूध काढायला आडोसा आहे का? बायकांच्या संडासाला आतून कडी आहे का? तिथल्या एखाद्या बाईशेजारी आपल्या बाईला दहा मिनिटं बसू द्या. तिला जे कळेल ते मला २३ वर्षांत कुठल्याही माहितीपत्रकात वाचायला मिळालेलं नाही. खर्चाचा अंदाज लेखी मागा, औषधं योजनेत की बाहेरून ते स्पष्ट विचारा. "थोडंफार लागेल" असं कुणी म्हणालं तर थोडं किती आणि फार किती ते तिथल्या तिथे विचारा.

सासऱ्यांना सांगा, त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. फुकट आहे म्हणून कुठेही नेऊ नये. पण साडेतीन लाख घेतले म्हणून लेकराची काळजी होतेच असंही नाही.

उद्या अंगणवाडी ताई. परवा तहसीलचा दाखला टाका, सेतू केंद्रातून अर्ज जातो. रेशनकार्डावर मुलीचं नाव चढवलंय का ते आजच पाहा. नऊ महिन्यांच्या बाळाचं बहुतेक चढवलेलं नसतं आणि योजनेचं टेबल तिथेच अडवतं. नसेल तर जन्मदाखला घेऊन पुरवठा विभागात जा. दोघांची आधारकार्डं, लसीचं कार्ड आणि इकोचा कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. नागपूरला यायचं तर सकाळची पहिली एस.टी. धरा, केसपेपरची रांग आठच्या आधीच लागते. दोघं या: एक रांगेत, एक बाळापाशी. आजीला यायचं असेल तर तिलाही आणा, बाहेर एक पाट आणि पाण्याची बाटली लागेल. आणि भाकरी जास्तीच्या बांधून घ्या, तिथे कुणीतरी पारावर बसलेलं असेलच.